कुमार गटाचा नाद

मनुष्यास कसला तरी नाद असावा, असें जुनीं माणसें म्हणत. मात्र तो चारचौघांत सांगण्यासारखा असावा, अशी पुस्तीहि तीं जोडीत. आमच्या बरोबरीच्या प्राध्यापकांत कोणास नाटकांचा नाद आहे, कोणास जुनीं नाणीं जमविण्याचा, तर कोणास निवृत्तीनंतर घर कोठें बांधावें याचा खल करण्याचा. आमचा नाद यांहून निराळा आणि थोडासा ओशाळवाणा आहे. मधलीं कोरोनाचीं दोन वर्षें सोडलीं तर २०१८ च्या डिसेंबरपासून, हिवाळ्या-उन्हाळ्यांतील बहुतेक रविवारीं, आम्ही स्वारगेटला एस्. टी. गांठून भोर-वेल्ह्याकडे जातों, आणि एका मोकळ्या खाचराच्या बांधावर बसून चौदा ते एकोणीस वर्षांच्या मुलांची कबड्डी पाहतों. या मुलांशीं आमचें नातेंगोतें नाहीं. आम्ही स्वतः उभ्या जन्मांत एकहि चढाई केलेली नाहीं. आणि हीं मुलें ज्या सामन्यांत खेळतात त्यांचा निकाल दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत येत नाहीं.

आमचे एक स्नेही एकदां म्हणाले, "अहो, एवढी हौस आहे तर घरीं बसून मोठे सामने पाहावे. उत्तमांतले उत्तम गडी, लख्ख उजेड, वर गरम चहा. त्या धुळींत काय आहे?" आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, "पिकलेला आंबा मंडईंतहि मिळतो. मोहोर पाहावयाचा तर झाडाखालींच जावें लागतें." ते निरुत्तर झाले व आम्ही स्वतःवर खूष झालों. वर्गांत शिकविणाऱ्या माणसाला असें एखादें वाक्य साधलें कीं तो तें दहा ठिकाणीं वापरतो, आम्हींहि वापरलें. त्या वाक्यांत एक खोट होती. ती आमच्या ध्यानांत येण्यास कित्येक वर्षें लागलीं, आणि तिची किंमत आम्हांस नव्हे, दुसऱ्या एका घराला मोजावी लागली. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

आरंभ असा झाला. वडिलांच्या पश्चात् भोर तालुक्यांतील आमच्या चार भातखाचरांची वांटणी व्हावयाची होती. त्या निमित्तानें आम्ही गांवीं गेलों होतों. गांव वेळवंडी नदीच्या खोऱ्यांत आहे. या नदीवर भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें आणि खोऱ्यांतील सखल, सपाट जमीन पाण्याखालीं गेली. उरली ती डोंगरउताराची. तिच्यावर पायऱ्यापायऱ्यांनीं खाचरें घातलेलीं. त्यामुळें इकडे मुलांना खेळावयास सपाट जागा म्हणजे भात कापल्यानंतर मोकळें झालेलें खाचर. संध्याकाळची एस्. टी. येण्यास अवकाश होता. खालच्या अंगाला आरडाओरडा ऐकूं आला म्हणून आम्ही बांधावर जाऊन उभे राहिलों. धसकटें उपटून जमीन चोपून घेतली होती, राखेच्या रेघा ओढल्या होत्या, आणि दहा-बारा मुलें अनवाणी खेळत होतीं. शिटी तोंडांत धरून एक पन्नाशीचे गृहस्थ त्यांच्याभोंवतीं फिरत होते. ते जवळच्या शाळेंतील शिक्षक. आम्ही त्यांना तेव्हांपासून 'मास्तर' म्हणतों, आणि ते आम्हांस 'प्राध्यापकसाहेब'.

इतक्यांत एका काटक मुलानें चढाई केली. समोरच्या तिघांनीं त्याला पाठीमागून घेरलें. तो उसळला नाहीं. उलट इतका खालीं वाकला कीं घेरणाऱ्यांचे हात एकमेकांवरच पडले. मग जमिनीसरशी झेप घेऊन त्यानें मध्यरेषेला केवळ दोन बोटें लावलीं. तिघेहि बाद! मुलगा उठला, गुडघ्यावरची माती झाडली, आणि जणूं कांहींच घडलें नाहीं अशा चेहऱ्यानें जागेवर जाऊन उभा राहिला. त्या दोन बोटांनीं आमची त्या दिवसाची एस्. टी. चुकविली.

मास्तरांचा हा संघ कोणत्याहि एका गांवाचा नाहीं. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील मुलें त्यांत आहेत. (वेल्हे तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे, पण लोकांच्या तोंडीं अजून वेल्हेंच आहे.) दोन तालुके एकत्र करण्याचें कारण साधें आहे. दहावी-बारावी झालेला तरुण गांवांत राहत नाहीं. तो पुण्यास तरी जातो, नाहीं तर खेड-शिवापूरच्या किंवा नीरेपलीकडच्या शिरवळच्या कारखान्यांत लागतो. एका गांवांत सात गडी आणि पांच राखीव भरतील इतकीं उमेदीचीं मुलें उरतच नाहींत. म्हणून कधीं भोरकडच्या खाचरांत, तर कधीं तोरण्याच्या पायथ्याला, असा सराव चालतो. संघाचा हेतु सामने जिंकणें हा नाहीं, हें मास्तरांनीं आम्हांस पहिल्याच भेटींत सांगितलें. मूल चौदाव्या वर्षीं घ्यावयाचें, एकोणिसाव्या वर्षापर्यंत घडवावयाचें, आणि कोणी मागितलें कीं देऊन टाकावयाचें. चांगला गडी हातीं आला कीं तो गेलाच म्हणून समजावें. आणि तो गेला नाहीं, तर संघाचें काम फसलें असें समजावें. "तुमच्या कॉलेजासारखेंच कीं हो!" असें ते म्हणाले, आणि आमची त्यांच्याशीं मैत्री जमली.

या खेळास आमच्या लहानपणीं जुनीं माणसें 'हुतुतू' म्हणत. त्याला शास्त्र व नियम देण्याचें श्रेय पुष्कळसें महाराष्ट्राकडे जातें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत त्याचे नियम बांधले गेले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें तो बर्लिनच्या ऑलिंपिकच्या प्रसंगीं परदेशी लोकांस करून दाखविला. बुवा साळवी यांच्यासारख्यांनीं उभी हयात त्याच्या संघटनेंत वेंचली. आणि १९९० च्या बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तो पदकाचा खेळ झाला. परंतु मास्तरांच्या मुलांना हा इतिहास ठाऊक नाहीं, आणि त्यावांचून त्यांचें अडतहि नाहीं. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा असते, चढाईस तीस सेकंद मिळतात, आणि तेवढ्यांत 'कबड्डी'चा दम न तोडतां परत यावयाचें असतें, एवढें त्यांच्या अंगांत मुरलें आहे.

आमच्यासारख्या पुस्तकी माणसास या खेळाचा एक नियम मात्र फार विचार करावयास लावतो. क्रिकेटमध्यें बाद झालेला फलंदाज तंबूंत जातो, आणि त्या डावापुरता तो संपला. कबड्डींत बाद झालेला गडी पुन्हां जिवंत होतो. 'जिवंत होणें' हाच शब्द मैदानावर रूढ आहे. पण तो स्वतःच्या पराक्रमानें जिवंत होऊं शकत नाहीं. त्याच्या सोबत्यानें प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला, म्हणजे याच्या बाजूचा एक गडी आंत येतो. आणि तोहि जो आधीं बाद झाला तोच आधीं. विद्यार्थिदशेंत आम्हीं 'टॉम ब्राऊन'च्या गोष्टींत इंग्लंडांतील रग्बी या शाळेचा आणि तेथील दांडग्या खेळाचा वृत्तान्त मोठ्या आवडीनें वाचला होता. आजच्या रग्बींतहि जमिनीवर पाडलेल्या गड्यास चेंडू सोडावा लागतो, आणि तो राखण्यासाठीं त्याचे सोबती त्याच्या अंगावरून पुढें रेटा देतात. दोन्ही खेळ धसमुसळे खरे. पण पडलेल्याची पुढची व्यवस्था दोहोंनींहि आपल्या नियमांतच करून ठेवली आहे. हें सर्व आम्हांस पाठ होतें. त्याचा अर्थ आम्हांस कळला होता असें मात्र म्हणवत नाहीं.

मास्तरांच्या संघाच्या डोक्यावर एक भली उंच शिडी आहे. शालेय स्पर्धा तालुक्यावरून जिल्ह्यास, जिल्ह्यावरून विभागास व तेथून राज्यास जातात. शिवाय २०१४ सालीं व्यवसायी कबड्डीची लीग निघाली, तेव्हांपासून या शिडीला सोनेरी पायऱ्या लागल्या आहेत. पुण्याच्या 'पुणेरी पलटण' संघानें तर 'युवा पलटण' या नांवानें उगवत्या खेळाडूंची स्वतंत्र फळी बाळगली आहे. नगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागांतला अस्लम इनामदार याच फळींतून वर आला. २०२३ सालीं हांगझोऊ येथें इराणला ३३-२९ असें हरवून ज्या भारतीय संघानें सुवर्णपदक परत आणलें त्यांत तो होता. आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस पुणेरी पलटणीनें पहिलें विजेतेपद मिळविलें तें त्याच्याच नेतृत्वाखालीं. मास्तरांच्या प्रत्येक मुलाच्या फोनमध्यें त्याचें छायाचित्र आहे. याच पलटणीनें २०२३ च्या लिलावांत इराणच्या शादलूसाठीं २ कोटी ३५ लाख रुपये मोजले, हा आंकडाहि मुलांच्या जिभेवर असे. दुसरा एक आंकडा मात्र कोणाच्या जिभेवर नव्हता, आमच्याहि नव्हता. लीगचे संघ १२. एका संघांत जास्तींत जास्त २५ गडी. म्हणजे सगळ्या देशांतून आणि परदेशांतून मिळून फार तर ३०० जणांची सोय. एवढा गुणाकार करण्यास प्राध्यापक असावें लागत नाहीं. पण तो आम्हीं केला नाहीं.

कारण आम्ही मोहोर पाहण्यांत गुंग होतों. आम्हीं एक वही केली होती. तींत प्रत्येक मुलाच्या नांवाखालीं त्याच्या चढाया, पकडी, गुण व आमचा अभिप्राय लिहीत असूं. त्या पहिल्या दिवशींच्या काटक मुलाचीं सोळा पानें भरलीं होतीं. तो वेल्ह्याकडचा, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीचा. त्याचे वडील भातशेती करीत आणि उन्हाळ्यांत गवंड्याच्या हाताखालीं जात. त्या मुलाच्या पायांत कांहीं तरी निराळें होतें. प्रतिपक्षाचा कोपऱ्यावरचा गडी घोट्याला हात घालण्यापूर्वींच याचा घोटा तेथून गेलेला असे. त्याच वहींत भोरकडच्या एका बुटक्या, जाडसर मुलाच्या नांवाखालीं चार वर्षांत एकच ओळ होती: 'डावा कोपरा; बरा.'

२०२२ च्या उन्हाळ्यांत काटक मुलगा बारावी झाला. एका दूरच्या शहरांतील निवासी शिबिरासाठीं त्याची निवड झाली. तेथें वर्षभर राहावयाचें, आणि पुढें मोठ्या संघांच्या निवडचांचण्या. त्याच सुमारास आयटीआयमध्यें 'फिटर'च्या वर्गाला त्याला प्रवेश मिळण्याजोगा होता. वडिलांचा कल फिटरकडे होता. मास्तर म्हणाले, "मी कांहीं बोलणार नाहीं. बाप आणि मुलगा ठरवितील." आम्हांस तें मास्तरांचें भित्रेपण वाटलें. आम्ही एका रविवारीं चेलाडीच्या फाट्यावर उतरून नसरापूर, विंझर करीत वेल्हें गांठलें, व तेथून पायीं त्या वाडीवर गेलों. वडिलांना आम्हीं तासभर समजावलें. यौवन पुन्हां येत नाहीं, फिटर केव्हांहि होतां येईल, असें पुष्कळ बोललों. ते घोंगडीवर बसून शांतपणें ऐकत होते. शेवटीं म्हणाले, "सर, तुमी शिकलेली माणसं. तुमी सांगताय म्हंजी इचार करूनच सांगत आसाल. पर येक इचारतो. न्हाई झालं तर?"

तीन शब्दांचा प्रश्न. त्यावर आम्हीं काय उत्तर दिलें तें लिहितांना आज लाज वाटते. आम्ही म्हणालों, "प्रामाणिक प्रयत्नाला यश येतेंच, आणि न आलें तरी अनुभव वायां जात नाहीं." हें वाक्यहि आमच्या नेहमींच्या उपयोगांतलें होतें. पदवीदानाच्या दिवशीं तें बरें वाटतें. ज्याच्या घरांत एकाच मुलाच्या एकाच वर्षाचा प्रश्न आहे त्याला तें देणें म्हणजे तहानलेल्यास पाण्याचें चित्र देणें होय. तरी त्या गृहस्थांनीं तें घेतलें, कारण तें शिकलेल्या माणसानें दिलें होतें.

मुलगा गेला. २०२३ च्या जानेवारींत मास्तरांचा फोन आला कीं, चढाईंत वळतांना त्याच्या गुडघ्याची लिगामेंट तुटली. कोणाचा दोष नव्हता. मोठे सामने आतां मॅटवर बूट घालून खेळले जातात. हीं मुलें मातीवर अनवाणी वाढलेलीं. मातींत पाय घसरतो, मॅटवर तो पकडला जातो. वरचें अंग वळतें आणि पाय वळत नाहीं, तेव्हां तो पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. अशी दुखापत अनुभवी खेळाडूंनाहि होते. शस्त्रक्रिया झाली तरी पूर्ववत् खेळावयास नऊ महिने, वर्षहि लागतें. आणि वर्षभर थांबण्याइतका वेळ उगवत्या गड्यासाठीं कोणी राखून ठेवीत नाहीं. मुलगा घरीं परतला. आम्हीं शस्त्रक्रियेच्या खर्चाचा निम्मा वांटा पाठविला, आणि पैसे पोंचल्याचें कळतांच आमच्या मनावरचें ओझें उतरल्यासारखें वाटलें. त्यानंतर वर्षभर आम्ही वेल्ह्याच्या बाजूस फिरकलों नाहीं. सराव भोरकडे असला तर जात असूं. वेल्ह्याकडे असला कीं आम्हांस कॉलेजांतलें कांहीं तरी काम निघे. माणूस स्वतःला किती सहज फसवितो याचें उदाहरण वर्गांत द्यावयाचें झालें, तर आतां आम्हांस शेक्सपिअरकडे जाण्याचें कारण उरलेलें नाहीं.

पुढें २०२४ सालच्या महाशिवरात्रीच्या सुमारास मास्तरांचा निरोप आला: नसरापूरच्या अलीकडे-पलीकडे एका गांवच्या जत्रेंत सामने आहेत, अवश्य यावें. पुणेरी पलटणीच्या विजयास आठवडाच झाला होता. जिकडे तिकडे तोच विषय. उद्घाटनाच्या वक्त्यांनीं नेहमींप्रमाणें मुलांना "मावळ्यांनो" अशी साद घातली व शिवछत्रपतींचें नांव घेऊन त्यांना लढावयास सांगितलें. आम्ही मांडवाच्या कडेला उभे होतों. गुणलेखकाच्या टेबलाजवळ नजर गेली आणि आम्ही चपापलों. तेथें तो काटक मुलगा बसला होता. अंगानें थोडा भरला होता. एक पाय सरळ लांब करून, मान खालीं घालून, तो भराभर गुण टिपीत होता. आणि मधूनच मान वर करून आपल्या बाजूच्या एका चौदा-पंधरा वर्षांच्या चढाईपटूस हाताच्या खुणेनें कांहीं सांगत होता. त्या पोरानें निदानरेषा ओलांडतांना पाय टाकला तो अगदीं याच्यासारखा.

मध्यंतरांत मास्तरांना विचारलें, "याला परत कसें आणलेंत?" ते म्हणाले, "मीं आणलें नाहीं. आपल्या डाव्या कोपऱ्यानें आणलें." मग सर्व कळलें. तो बुटका, जाडसर मुलगा बारावीनंतर शिरवळच्या एका कारखान्यांत लागला होता. रात्रपाळी करून दर रविवारीं सकाळीं तो मोटरसायकलीनें भोरकडून नसरापूरला वळसा घालून वेल्ह्यास जाई, आणि या मित्राला मागें बसवून सरावाला आणी. पहिले तीन रविवार हा खालीं उतरलाच नाहीं. गाडीवरच बसून राहिला. चौथ्या रविवारीं मास्तरांनीं त्याच्या हातांत गुणपत्रक दिलें. पावसाळा संपेपर्यंत तो लहान मुलांस चढाई शिकवूं लागला होता.

आम्ही त्या जाडसर मुलाला गांठलें. "एवढा खटाटोप कशासाठीं रे केलास?" असें विचारतां तो गोंधळला. त्यानें याचा विचारच केलेला दिसला नाहीं. "सर, बारक्या पोरांना चढाई कोण शिकिवणार? मला कुठं येतीया?" एवढें बोलून तो पाणी प्यावयास निघून गेला. त्याच्या उत्तरांत उपकाराचा वासहि नव्हता. बाद झालेला सोबती आंत आल्यावांचून आपला डाव पुढें सरकत नाहीं, इतकीच त्याची समज. आणि जो नियम आम्ही व्याख्यानांत वापरीत होतों तो हा मुलगा दर रविवारीं मोटरसायकलीवरून पाळीत होता.

त्या दिवशीं मुलाचे वडीलहि आले होते. आम्हीं पुढें होऊन नमस्कार केला. ते म्हणाले, "गेल्या वर्साला घातला फिटरला. एक वर्स गेलं, सर."

आम्ही म्हणालों, "होय. आमची चूक झाली. तुमच्या प्रश्नाचा आम्हीं आधीं विचार करावयास हवा होता."

ते कांहीं वेळ मैदानाकडे पाहत राहिले. मग हलक्या आवाजांत म्हणाले, "वर्साचं काय न्हाई वो. वर्स जातंय नि येतंय. पैसं धाडलं तुमी. पर आला न्हाई."

यावर आम्हांजवळ कोणतेंहि वाक्य नव्हतें. सुदैवानें त्यांनींच "चला, चा घेऊं" म्हटलें. आम्ही त्यांच्यामागून टपरीकडे गेलों. त्यांनीं आम्हांस पूर्ण क्षमा केली असें आम्ही म्हणणार नाहीं; आजहि ते आमच्याशीं मोजकेंच बोलतात. सामना त्या दिवशीं आपल्या मुलांनीं तीन गुणांनीं गमावला.

परतींच्या एस्. टी. मध्यें आम्हांस उद्घाटनाचे वक्ते आठवले. मावळ्यांचें नांव घेणें सोपें आहे. पण सभासदाच्या बखरींत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची जी हकीकत आहे, तींत जखमी लोकांस जखम पाहून द्रव्य दिल्याचीहि नोंद आहे. लढावयास सांगणारानें जखमेचा हिशेब आधींपासून ठेवावयाचा असतो, हें याच दऱ्याखोऱ्यांत साडेतीनशें वर्षांपूर्वीं माहीत होतें. आम्हीं लढावयास सांगितलें आणि हिशेब ठेवला तो केवळ गुणांचा.

आतां मास्तरांनीं व आम्हीं मिळून कांहीं साधे नियम केले आहेत. कोणत्याहि मुलास वरच्या शिबिरास पाठवावयाचें तर आधीं त्याच्या शिक्षणाची जागा कायम राहते कीं नाहीं तें पाहावयाचें. राहत नसेल तर वर्षाचा तोटा किती, हें त्याच्या घरच्यांस उघड सांगावयाचें. दुखापतीचा विमा उतरावयाचा. मॅटवर जाण्यापूर्वीं निदान दोन महिने बूट घालून वळण्याचा सराव द्यावयाचा. आणि परत यावें लागलें तर आपल्या संघांत त्याचें काम काय, हें जाण्यापूर्वींच ठरवून ठेवावयाचें, म्हणजे परतणें ही नामुष्की ठरत नाहीं. गेल्या दोन हंगामांत दोन मुलें या रीतीनें गेलीं. त्यांपैकीं एक परत आला, आणि दुसऱ्याच रविवारीं मैदान आंखावयास हजर झाला. दुसरा अजून तेथें आहे व चांगला खेळतो असें ऐकतों. दोघांच्याहि घरीं आम्ही जाऊन आलों.

वहींतहि फरक झाला आहे. पूर्वीं तींत वर जाणाऱ्यांचींच पानें भरत. आतां उजव्या बाजूस एक रकाना आंखला आहे. त्यांत, कोण कोणास घेऊन आला, कोणीं कोणाचे बूट शिवून आणले, पराभवानंतर कोण शेवटीं घरीं गेला, असल्या गोष्टी लिहितों. 'डावा कोपरा, बरा' ही ओळ आम्हीं खोडलेली नाहीं. आपली नजर कशी होती हें अधूनमधून पाहण्यासाठीं ती तशीच ठेवली आहे.

आमचे स्नेही अद्याप विचारतात, "त्या धुळींत काय आहे?" मोहोराचें तें वाक्य आतां आम्ही वापरीत नाहीं. आंब्याखालीं खरोखर बसलेल्या कोणासहि ठाऊक असतें कीं बहुतेक मोहोर गळतो. आम्हीं तेवढा वेळ वरच पाहत बसलों होतों. म्हणून आतां आम्ही त्यांना एवढेंच सांगतों कीं, एकदां येऊन पाहा. वाचकांपैकींहि कोणास सवड असेल त्यानें दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारीं यावें. भोरसाठीं कापूरहोळच्या फाट्यावर वळावें लागतें, वेल्ह्यासाठीं चेलाडीच्या. बांधावर बसावयास जागा पुष्कळ आहे. देणगी आणलीत तर मास्तर पावती देतील. पण मुलांच्या घरचीं माणसें तुम्ही आलांत कीं नाहीं तेवढेंच लक्षांत ठेवतील.